वाचकांचे प्रश्न : व्ही. शांताराम यांचा सिनेमा

शांतारामबापूंच्या कारकिर्दीविषयी आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. पुरस्कारांची यादी कुठेही मिळते. ते चित्रपट घडले कसे आणि आज नीट पाहायचे कसे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. म्हणून उत्तरांत भर त्यावर दिला आहे.

‘अयोध्येचा राजा’, ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ हे तिन्ही चित्रपट शांतारामांचेच ना? शाळेच्या भित्तिपत्रकासाठी थोडक्यात क्रम हवा आहे. (शिक्षिका, इचलकरंजी)

पहिला आणि तिसरा त्यांचा. ‘संत तुकाराम’ (१९३६) विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. चित्रपट ‘प्रभात’चा, म्हणजे शांतारामांच्याच चित्रपटसंस्थेचा असल्यामुळे ही गल्लत वारंवार होते. भित्तिपत्रकावर ती होऊ देऊ नका, दामले-फत्तेलालांवर तो अन्याय ठरेल.

क्रम असा: जन्म १८ नोव्हेंबर १९०१, कोल्हापूर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी. तिथे पडेल ते काम, ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तरुण शेतकऱ्याची भूमिका, आणि १९२७ साली ‘नेताजी पालकर’ हे पहिलं दिग्दर्शन. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’, पुढे कंपनी पुण्याला, १९३७ मध्ये ‘कुंकू’. १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’. हे नाव वडील राजाराम आणि आई कमला यांच्यावरून. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, ३० ऑक्टोबर १९९० रोजी निधन, १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण.

‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ हा एकच चित्रपट ना? मग हिंदीत ओठांची हालचाल इतकी तंतोतंत कशी जुळते? डबिंग एवढं चांगलं होतं का? (नाशिक)

डबिंग नव्हतंच. ते दोन स्वतंत्र चित्रपट आहेत. सेट, कपडे, प्रकाशयोजना तीच. कॅमेरा लागला की प्रसंग एका भाषेत चित्रित करायचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत. प्रत्येक भाषेची निगेटिव्ह वेगळी, संकलन वेगळं. त्यामुळे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर एखादी मान वळवणं, एखादा थांबा, प्रसंगाची लांबी यांत फरक दिसतात. शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हीकडे आहेत, म्हणून एकाच फिल्मवर दोन आवाज चढवल्यासारखं वाटतं.

काही चित्रपटांत नटही बदलत. ‘अमृतमंथन’मधला (१९३४) राजगुरू हिंदीत चंद्रमोहन आहेत, मराठीत केशवराव दाते. पडदा व्यापणारा तो विलक्षण डोळा आठवून कुणी मराठी आवृत्ती लावली तर तो चंद्रमोहनांचा डोळा तिथे सापडणार नाही. ‘शेजारी’त (१९४१) तर ही अदलाबदल अर्थासकट आली. हिंदी ‘पडोसी’त हिंदू शेजाऱ्याची भूमिका मजहर खान यांनी केली आणि मुसलमान शेजाऱ्याची गजानन जागीरदारांनी. दोन धर्मांच्या मैत्रीवरच्या चित्रपटात केलेली ही निवड आम्हाला आजही धाडसाची वाटते.

या पद्धतीची किंमत वेळेत मोजावी लागे. मराठीचं टेक मनासारखं झालं आणि हिंदीत नट अडखळला, की दिवे तापलेले, फिल्म खर्च होत असलेली आणि भावनेची धार उतरलेली. म्हणून दोन्ही भाषा पेलणारा नट ‘प्रभात’ला फार मोलाचा होता. तुलना करायची असेल तर दोन्ही आवृत्त्यांतला एकच प्रसंग निवडा आणि आधी आवाज बंद करून पाहा. आवाज असला की लक्ष भाषेकडे जातं, अभिनयातला फरक निसटतो.

‘सैरंध्री’ हा भारतातला पहिला रंगीत चित्रपट असं कुठे लिहिलेलं असतं, कुठे ‘किसान कन्या’चं नाव येतं. खरं काय? रंग का फसले? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही विधानांना आधार आहे. ‘सैरंध्री’ (१९३३) प्रभातने चित्रित केला, पण रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या. त्यासाठी शांताराम स्वतः तिकडे गेले होते. रंग समाधानकारक उतरले नाहीत. अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीच्या ‘किसान कन्या’वरची (१९३७) रंगप्रक्रिया भारतातच झाली, म्हणून ‘पहिला’ हा मान बहुतेक ठिकाणी त्याला मिळतो.

रंग का फसले हे कळायला त्या काळची दोन फिल्मींची पद्धत समजून घ्यायला हवी. कॅमेऱ्यात एकाऐवजी दोन निगेटिव्ह, रसायनाचा थर थराला चिकटवून, एकदम धावतात. पुढची फिल्म निळा-हिरवा प्रकाश टिपते. तिच्यावरच्या लालसर थरातून गाळून उरलेला लाल प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. प्रत काढताना दोन्ही बाजूंना थर असलेली फिल्म वापरायची: एका बाजूला एक निगेटिव्ह छापून ती बाजू निळसर करायची, दुसऱ्या बाजूला दुसरी छापून ती नारिंगी-लाल. प्रकाश दोन्हींतून पार झाला की पडद्यावर रंग दिसतो.

यात अडचणी जागोजागी आहेत. मागच्या फिल्मपर्यंत पोचणारा प्रकाश आधी पुढच्या थरातून विखुरतो, म्हणून लाल प्रतिमा कायम जरा मऊ येते. कॅमेऱ्यात प्रकाश पडतो त्या जागी दोन्ही फिल्मी घट्ट दाबल्या गेल्या नाहीत तर त्यांच्यात फट राहते आणि चित्र आणखी पुसट होतं. छापताना दोन्ही बाजू केसभर सरकल्या तरी प्रत्येक आकृतीला रंगीत कड दिसते. शिवाय दोनच रंगांच्या मिश्रणात शुद्ध पिवळा, जांभळा, हिरवा बसतच नाही. पौराणिक चित्रपटात पितांबर, शालू आणि बागा हव्यात, आणि नेमके तेच रंग ही पद्धत देऊ शकत नव्हती. भरीला प्रकाश गाळला जात असल्यामुळे कृष्णधवलपेक्षा कितीतरी अधिक दिवे लावावे लागत. त्या उष्णतेत रंगभूषा टिकवणं हे वेगळंच संकट.

अपयश आलं तरी जर्मनीची फेरी वाया गेली नाही, असं आमचं ठाम मत आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘अमृतमंथन’मधल्या गडद सावल्या आणि तिरपा प्रकाश पाहा. डोळ्याचा तो क्लोजअप लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेला आहे, आणि कारण व्यावहारिक आहे: साध्या भिंगाने इतकं जवळ जायचं तर कॅमेऱ्याचीच सावली नटावर पडते, दिवा लावायला जागा उरत नाही आणि चेहरा फुगलेला दिसतो. लांबून घेतलं की हे प्रश्न सुटतात, पण फोकसची खोली अगदी थोडी राहते. नटाने मान जराशी पुढे केली तरी डोळा धूसर. चंद्रमोहन किती स्थिर राहिले असतील याचा यावरून अंदाज येतो.

रंगाशी शांतारामांचा हिशेब पुरा झाला तो बावीस वर्षांनी, ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५), टेक्निकलर या रंगपद्धतीच्या साहाय्याने.

आमच्या वाचनालयात ‘कुंकू’ दाखवायचा आहे. मागे एक जुना चित्रपट दाखवला तेव्हा चेहरे रुंद दिसत होते आणि आवाज बुडबुड येत होता. काय काळजी घ्यावी? (वाई)

आधी हक्क. सार्वजनिक खेळ विनाशुल्क असला तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. ती आठवडाभर आधी हातात असू द्या.

चेहरे रुंद दिसतात कारण जुनं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. आजचा पडदा १.७८ पट. प्रोजेक्टर ‘पूर्ण पडदा’वर ठेवला की तो चित्र ताणतो. ‘मूळ प्रमाण’ किंवा ‘४:३’ निवडा. पडदा १६० सेंटिमीटर रुंद आणि ९० उंच असेल तर चित्र सुमारे १२३ सेंटिमीटर रुंद यायला हवं, आणि दोन्ही बाजूंना साधारण १८-१८ सेंटिमीटर काळी पट्टी. कुणी पट्ट्यांची तक्रार केली तरी ‘झूम’ करू नका. वरून डोकी आणि खालून हात कापले जातात. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा.

‘कुंकू’साठी आवाज अधिक महत्त्वाचा. या चित्रपटात शांतारामांनी नेहमीचं पार्श्वसंगीत वापरलंच नाही. ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं: घड्याळ, पावलं, भांडी, ग्रामोफोन. १९३७ साली हे जोखमीचं होतं. प्रकाशाने फिल्मवर उमटवलेल्या आवाजात सतत खरखर असते आणि एरवी संगीत ती झाकून टाकतं. संगीत काढून घेतल्यावर ती उघडी पडते, आणि दोन तुकडे जोडलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज येण्याचा धोकाही वाढतो. खरखर घालवण्यासाठी यंत्रातली ‘आवाज स्वच्छ करा’ ही सोय लावली तर ती घड्याळाची टिकटिकही पुसून टाकते, आणि काकासाहेबांच्या, म्हणजे नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, घरातली घुसमट त्या टिकटिकीत आहे. तेव्हा ही सोय बंद, सगळे ‘सराउंड’ परिणाम बंद. आवाज मोनोच, म्हणजे एकपदरी आहे. दोन स्पीकर पडद्याशेजारी, कानाच्या उंचीवर. खर्ज थोडा कमी केला की बुडबुड जाते. पंखे मंद ठेवा.

चित्रपटाआधी पाच मिनिटं बोलायचं असेल तर ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही मूळ कादंबरी सांगा. आणि काकासाहेबांच्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे, संततिनियमनाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणाऱ्या त्याच त्या, हेही आवर्जून सांगा.

‘दो आँखें बारह हाथ’ला ऑस्कर मिळालं होतं का? आणि गोष्ट खरी आहे का? (आटपाडी)

ऑस्कर नाही. १९५८ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचं ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक, आणि गोल्डन ग्लोबमधला सॅम्युअल गोल्डविन आंतरराष्ट्रीय पुरस्कार. देशात राष्ट्रपती सुवर्णपदक.

गोष्टीचं मूळ तर तुमच्याच तालुक्यात आहे. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू केली, ती स्वतंत्रपूर. भिंती नाहीत, शेती करायची, कुटुंबासह राहायचं. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा. कथा-पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही याच मातीतले. सहा कैदी आणि तुरुंगाधिकारी आदिनाथ ही रचना चित्रपटाची आहे. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, ही हकीकत मात्र खरी.

पाच चित्रपट बघायचे तर कोणते? (पुणे)

‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘पिंजरा’. याच क्रमाने. नृत्याची आवड असेल तरच ‘नवरंग’.

आजोबांचं फिरतं टॉकीज होतं. माळ्यावर फिल्मचे पत्र्याचे डबे सापडले, एकावर ‘प्रभात’ची चिठ्ठी आहे. चालवून बघावं का? (कोल्हापूर)

अजिबात नाही. १९५१ पूर्वीची ३५ मिमी फिल्म बहुधा नायट्रेटची असते. ती पेटली की स्वतःच्याच प्राणवायूवर जळते. पाण्याने किंवा वाळूने विझत नाही. सडू लागलेली फिल्म तर उन्हाळ्यातल्या पत्र्याखालच्या उष्णतेतही पेट घेऊ शकते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह मोठा ठेवा गेला.

आधी रुंदी मोजा. १६ मिमी असेल तर सहसा धोका नाही. ३५ मिमी असेल तर काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ (सहज न पेटणारी फिल्म) की ‘नायट्रेट’ ते भिंगातून पाहा. मात्र ही अक्षरं मूळ निगेटिव्हवरून उतरलेलीही असू शकतात, म्हणून फक्त त्यांवर विसंबू नका. तुकडा जाळून पाहण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. व्हिनेगरसारखा वास म्हणजे सेफ्टी फिल्म सडते आहे. पिवळी पडलेली, चिकट, बुडबुडे आलेली किंवा तपकिरी भुकटी झालेली फिल्म नायट्रेटची.

डबा गंजून घट्ट बसला असेल तर हातोडी नको. उघडलेला डबा हवाबंद करू नका, झाकण सैल ठेवा. सगळे डबे माळ्यावरून उतरवून घरातल्या सर्वांत गार, कोरड्या, हवेशीर खोलीत आडवे ठेवा, चूल, देवघर, विजेचा बोर्ड यांपासून लांब. चिकटलेले वेढे ओढून सोडवू नका. चित्राचा थर निघून येतो. डब्यावरच्या मजकुराचे आणि सुरुवातीच्या काही फुटांचे फोटो घ्या. हजार फुटांचं रीळ म्हणजे सुमारे ११ मिनिटं, यावरून किती भाग आहेत त्याचा अंदाज येईल. मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोटोंसह लिहा. डबे कुरियरने, एसटीने किंवा रेल्वेने पाठवू नका; नेण्याची पद्धत संग्रहालयाकडूनच ठरवून घ्या. आणि चिठ्ठी डब्यावरून सोलू नका, त्या रिळाची ओळख पटवायला तीच उपयोगी पडेल.