‘ले कॅथलिक’ला मराठीत काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरचा मजकूर मराठीत आणताना एका वाचकाला मॅथ्यू आमन यांच्या नावामागे ‘ले कॅथलिक’ (lay Catholic) असं विशेषण भेटलं. त्यांनी विचारलंय : ‘सामान्य कॅथलिक’ लिहू, ‘गृहस्थ’ लिहू, की ‘धर्मनिरपेक्ष कॅथलिक’?

तिसरा पर्याय आधी काढून टाका. त्यातून चर्चशी फारसं देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि आमन तर नॅशनल कॅथलिक कॉन्फरन्स फॉर इंटररेशियल जस्टिस या, वंशावंशांतल्या न्यायासाठी झटणाऱ्या संस्थेचे कार्यकारी संचालक होते. २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या दहा नेत्यांपैकी ते एक. त्या दिवशी लिंकन स्मारकापाशी सुरुवातीची प्रार्थना आर्चबिशप पॅट्रिक ओबॉइल यांनी म्हटली आणि पुढे आमन यांचं भाषण झालं. दोघंही श्रद्धावंत कॅथलिकच. ओबॉइल यांना गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, होती, आमन यांना नव्हती. ‘ले’ म्हणजे एवढंच.

‘सामान्य’ही नको. १९३८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत फ्रेंडशिप हाउस हे वांशिक समतेसाठी काम करणारं केंद्र सुरू करणाऱ्या कॅथरीन डी ह्युक मूळच्या रशियन बॅरोनेस. काळ्या कॅथलिकांची संघटना उभारणारे थॉमस वायट टर्नर वनस्पतिशास्त्रातले डॉक्टरेट मिळवलेले प्राध्यापक. यांना सामान्य कोण म्हणेल? ‘श्रावक’ जैनांचा, तो उसना घेऊ नये. आणि ‘लेमन’ (layman) असं नुसतं लिप्यंतर केलंत तर लोक सरबत शोधतील.

मराठीत यासाठी रुळलेला शब्द आहे : प्रापंचिक. वसईकडच्या मराठी कॅथलिकांच्या बोलण्या-लिहिण्यात धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक अशी विभागणी सर्रास असते. त्या वर्तुळाबाहेरच्या वाचकाला मात्र ‘प्रापंचिक’ म्हटलं की मुलंबाळं, वाणसामान आणि घरभाडं आठवतं. फ्रेंडशिप हाउसमधले बरेच कार्यकर्ते तर अविवाहित होते आणि स्वेच्छेने गरिबीत राहत. तरी चर्चच्या हिशेबात ते प्रापंचिकच. ‘गृहस्थ’ याच कारणाने अडतो; ‘प्रापंचिक’ची अडचण पहिल्या वापराला ‘म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेले’ एवढं जोडलं की सुटते.

हा भेद अनुवादात पुसू नये, असं मला वाटतं त्याचं कारण कॅलिफोर्नियातला पेरेझ विरुद्ध शार्प हा खटला. अँड्रिया पेरेझ मेक्सिकन वंशाच्या, म्हणजे कायद्याच्या लेखी गोऱ्या, सिल्व्हेस्टर डेव्हिस काळे, दोघंही कॅथलिक. राज्यात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये त्यांना लग्नाचा परवाना नाकारला गेला. वकील डॅनियल मार्शल हे तिथल्या कॅथलिक इंटररेशियल कौन्सिलचे. त्यांनी युक्तिवाद केला तो असा : आमचं चर्च अशा लग्नाला मनाई करत नाही, विवाह हा आमचा संस्कार आहे, तेव्हा परवाना नाकारून सरकार आमच्या धर्मस्वातंत्र्यावरच घाला घालतंय. गंमत म्हणजे स्थानिक चर्चचे वरिष्ठ या खटल्यात त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. चर्चच्या शिकवणुकीचा दाखला कोर्टात देणारा माणूस प्रापंचिक होता. १९४८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो बंदीचा कायदा रद्द केला. मुख्य निकालपत्राचा भर कायद्याने सर्वांना समान संरक्षण द्यावं या तत्त्वावर होता. धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा न्यायमूर्ती एडमंड्स यांनी उचलून धरला, आणि चारातलं एक मत त्यांचं होतं. मार्शल यांना नुसतं ‘कॅथलिक वकील’ म्हटलं तर ही सगळी खुमारी जाते.

एक खबरदारी. ‘प्रापंचिक’ आला की माणूस समतेच्याच बाजूचा, असं धरून चालू नका. न्यू ऑर्लीन्समध्ये आर्चबिशप रमेल कॅथलिक शाळांमधला वर्णभेद मोडू पाहत होते, तेव्हा विरोधासाठी निघालेल्या संघटनेचं नावच ‘असोसिएशन ऑफ कॅथलिक लेमेन’ होतं. पुढे १९६२ साली रमेल यांनी ज्या तिघांना चर्चमधून बहिष्कृत केलं, तेही प्रापंचिकच. म्हणून आमन किंवा मार्शल यांच्याबद्दल लिहिताना पुढे ‘समतावादी’ किंवा ‘कार्यकर्ते’ हवंच.

जाता जाता ‘इंटररेशियल’बद्दल. ‘आंतरजातीय’ आपल्याकडे जातींसाठी पक्कं झालंय, आणि ‘आंतरवर्णीय’मध्ये चातुर्वर्ण्य डोकावतं. ‘वर्णद्वेष’ चालतो, कारण तिथे वर्ण म्हणजे रंग हे सवयीने कळतं. इथे मी ‘आंतरवांशिक’ घेईन. संस्थेचं नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवा, अर्थ वाक्यात द्या. तुमचं वाक्य मग साधारण असं होईल : ‘आंतरवांशिक न्यायासाठी झटणाऱ्या कॅथलिक संस्थेचे संचालक मॅथ्यू आमन हे प्रापंचिक, म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेले, कार्यकर्ते होते.’