म्हशीचा एक सड दगडीनं (कासेच्या सुजेच्या आजारानं) सारखा बिघडतो, ट्यूब टाकली की तेवढ्यापुरता बरा होतो. सगळ्यात चांगली ट्यूब कोणती?

तुम्ही लिहिलंय ते असं: हिंगण्याकडे गोठा, चौदा म्हशी, त्यातल्या तिसऱ्या वेताच्या मुऱ्हा म्हशीचा मागचा डावा सड. सडात अँटिबायोटिकची ट्यूब टाकली की आठवड्यात दूध साफ, महिनाभरानं पुन्हा गुठळ्या. तीन कंपन्यांच्या ट्यूब झाल्या, आता चौथी कोणती?

चौथी टाकू नका. निदान दुधाचा नमुना तपासायला दिल्याशिवाय तरी नाही.

मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नागपूर जिल्ह्यात नोकरी केली, गोठे भरपूर पाहिले. दगडी म्हटलं की आपल्याकडे दोनच कारणं निघतात, गरमी नाहीतर नजर. "कासेले नजर लागली भाऊ" हे तर मी अगदी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. खरं कारण म्हणजे सडाच्या भोकातून आत गेलेले जंतू. आता हे जंतू एका जातीचे नाहीत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. तीन ट्यूब का फसल्या याचं उत्तर तिथंच आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर आहे. हा चिवट. कासेच्या आत बारीक गाठी करून त्यात दडून बसतो, पेशींच्याही आत शिरतो, आणि ट्यूबमधलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. त्याच्या पुष्कळ जाती पेनिसिलीनच निकामी करून टाकतात. दूध साफ दिसतं तेव्हा तो गेलेला नसतो, फक्त गप्प असतो. शिवाय दुधात तो रोज सारखा उतरत नाही, त्यामुळे एका तपासणीत सापडला नाही तर दुसऱ्यांदा नमुना द्यावा लागतो.

स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी हाही एका म्हशीकडून दुसरीकडे जाणाराच, पण त्याचं घर म्हणजे कासच. पेनिसिलीनला तो सहसा दबतो. सगळा गोठा तपासून बाधित म्हशींवर एकाच वेळी उपचार केले तर गोठ्यातून कायमचा घालवता येतो. रिपोर्टमध्ये हा निघाला तर खूश व्हा.

ई. कोलाय शेणातून येतो आणि त्याचा तमाशा वेगळाच असतो. संध्याकाळी म्हैस ठणठणीत, पहाटे अंगात ताप, कास कडक, धारेला पिवळट पाणी. या जंतूचं विष रक्तात भिनतं, तेव्हा ट्यूबच्या भरवशावर बसू नका. सलाईन आणि सुजेवरची औषधं वेळेत मिळणं जास्त महत्त्वाचं, म्हणून डॉक्टर लगेच बोलवा. आरागिरणीचा भुसा अंथरत असाल तर क्लेबसिएला नावाचा त्याचा भाऊबंद ओल्या भुशात मजेत वाढतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. बाकी तेरा म्हशींचं काय? सूज नाही, गुठळी नाही, दूध मात्र थोडं कमी, अशी छुपी दगडी उघड दगडीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि नवीन सडांना लागण तिथूनच होत राहते. ती शोधायला सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, नावाची चाचणी आहे; मस्टायटिस म्हणजे दगडीच. 1957 साली कॅलिफोर्नियात निघाली आणि अजून तिच्याइतकं स्वस्त काही नाही. चार खणांचा एक पसरट प्लास्टिकचा तवा मिळतो. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, मग चार सडांचं दूध चार खणांत. तवा तिरपा करून जास्तीचं दूध सांडून टाकायचं, उरलेल्या दुधाइतकंच चाचणीचं द्रावण ओतायचं आणि तवा गोल फिरवायचा. निरोगी दूध पातळच राहतं. बिघडलेल्या सडाचं दूध पाच-दहा सेकंदांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट होतं आणि खणाच्या मध्यभागी गोळा होऊ लागतं. शेतकऱ्याला नुसतं सांगून पटत नाही, पण त्याच्या लाडक्या म्हशीचा एक खण असा थरथरताना पाहिला की पटतं. द्रावण मिळालं नाही तर कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्क्यांचं पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम, यानंही काम भागतं. नुकतं व्यायलेल्या म्हशीचा चीक तपासू नका, आटत आलेलीही नको, दोन्हीकडे उगाच दोष दिसतो.

ही चाचणी महिन्यातून एकदा सगळ्यांची करा आणि दोष निघालेले सड भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

मग धार काढणाऱ्या माणसाचे हात बघा. स्टॅफ आणि अगॅलॅक्टी चालत जात नाहीत, हातावरून आणि फडक्यावरून जातात. एकच ओलं फडकं चौदा कासांना फिरत असेल तर बाकी सगळी काळजी वाया. प्रत्येक म्हशीला वेगळं कोरडं फडकं, नाहीतर कागद. दोन म्हशींच्या मध्ये साबणानं हात धुवायचे. पहिलारू आणि निरोगी म्हशी आधी पिळा, संशयित नंतर, आणि ही तुमची दगडीवाली सगळ्यात शेवटी. तिचं खराब दूध गोठ्याच्या फरशीवर पिळून टाकायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ते भांड्यात काढून गोठ्यापासून लांब खड्ड्यात टाका.

अंगठा मुडपून, बोटांना दुधाचा फेस लावून सड ओढायची पद्धतही बंद करायला सांगा. गवळी जुना असेल तर ऐकणार नाही, भांडेल. तरी सांगा, कारण त्यानं सडाला आतून इजा होते आणि जंतूंना तीच हवी असते. म्हशीचं ९५ टक्क्यांच्या आसपास दूध वर ग्रंथींमध्ये असतं, खालच्या पोकळीत फार थोडं. पान्हा सुटेपर्यंत सड रिकामे असतात. त्यावेळी ओढाताण केली की नुकसान ठरलेलं. रेडकू लावून किंवा कास चोळून दोनेक मिनिटं थांबायला हवं.

धार संपल्यावर प्रत्येक सड ग्लिसरीन घातलेल्या अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवा. हे एक काम नीट रोज झालं तरी नवीन लागण बरीच थांबते. सडाचं भोक धारेनंतर अर्धा-पाऊण तास उघडं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण म्हशी डबक्याकडे सोडतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 वर गेल्यावर म्हशीला पाणी लागणारच, त्याला इलाज नाही. पण डुंबायला धारेच्या आधी सोडा, किंवा गोठ्यातच पाइपनं पाणी मारा. धार झाली की समोर ढेप-कुटार टाका, म्हणजे ती उभी राहते.

नमुना असा घ्या. सड धुऊन पूर्ण कोरडा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या धारा सोडा, मग प्रयोगशाळेतून आणलेली निर्जंतुक बाटली आडवी धरून थोडंसं दूध घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अँटिबायोटिक सुरू असताना घेतलेला नमुना बहुतेक वेळा फुकट जातो. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, नाहीतर तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांमार्फत पाठवा. जंतूचं नाव आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, दोन्ही मागा.

ट्यूब टाकायची वेळ आलीच तर नळीचं फक्त टोक आत जाऊ द्या, पूर्ण नळी खुपसू नका. टोक न पुसता टाकलेली ट्यूब बाहेरची घाण आत नेते. पुन्हा पुन्हा ट्यूब झालेल्या कासेत कधी बुरशीसुद्धा निघते, आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

कोरफड, हळद आणि चुन्याच्या लेपाचं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तो सुचवतं. सुजेवर लावायला माझी हरकत नाही, पण त्यापायी डॉक्टर आणि नमुना लांबवू नका.

रिपोर्टमध्ये स्टॅफच निघाला तर दुधात असताना त्याच्या मागे फार पैसे घालवू नका. व्यायच्या दोन महिने आधी आटवताना चारही सडांत टाकायची लांब मुदतीची ट्यूब डॉक्टरांकडून टाकून घ्या. औषधाला तेव्हा कासेत जास्त वेळ मिळतो आणि बरं होण्याची शक्यता वाढते. पुढच्या वेतातही तोच सड बिघडला तर तो कायमचा आटवा. तीन सडांवरही म्हैस चांगलं दूध देते. नवीन म्हैस आणताना मात्र तवा बरोबर न्या. बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून धार तुंबवून ठेवलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि ट्यूब एका सडात असली तरी औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं, म्हणून डबीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचं दूध विकू नका. तुमचं दूध घेणारा हॉटेलवाला दही लागत नाही म्हणून ओरडत असेल, तर आधी हेच तपासा. विरजणाचेही जंतूच असतात, अँटिबायोटिक त्यांनाही मारतं.