अपंगत्वाचा दाखला वाचताना

सांगलीत अपघात नुकसानभरपाईचा पहिलाच दावा चालवतोयस, तर दाखल्यावरचा टक्का बघून लगेच आकडेमोडीला बसू नकोस. तो टक्का नुसत्या पायाचा की सगळ्या शरीराचा, हे आधी बघ. मग पक्षकार काय काम करतो ते विचार. मार्केट यार्डातल्या हमालाचा गुडघा वाकेना झाला, तर हळदीचं पोतं पाठीवर घेऊन उठणंच संपलं. त्याच्या कमाईचं नुकसान दाखल्यातल्या टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त. टेबलावरच्या कारकुनाचं तेवढं नसेल. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल याच मुद्द्यावर आहे, पूर्ण वाच. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावच, नुसत्या कागदावर भागत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये दावा दाखल करायची मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे, तेव्हा कागदपत्रं आजच मागव.