हायब्रिड की पेट्रोल? आधी ती पॉलिसी परत करा

इंदूरच्या सुदामानगरातून एका वाचकानं विचारलं आहे की होंडा सिटीची हायब्रिड घ्यावी की तीच गाडी पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये. वय ४४, नोकरी पिथमपूरला, हातात येणारा पगार महिना सव्वा लाख. घरात कमावणारे एकटे. आई, पत्नी आणि अकरावीतली मुलगी. घराचं कर्ज २८ लाख बाकी, बारा वर्षांचं, हप्ता ३१ हजार. शोरूमनं दिलेले ऑन-रोड भाव: पेट्रोल साडेअठरा लाख, हायब्रिड साडेबावीस लाख. हायब्रिड घेतली तर साडेचार लाख जवळचे घालून १८ लाखांचं कर्ज, सात वर्षं, ९ टक्के.

इथवर साधा प्रश्न. पण पत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ओघात आल्यासारखं एक वाक्य आहे: "१२ लाखांची एफडी पिकली होती. ती गाडीत घालू नका असं बँकेतल्या आमच्या ओळखीच्या रिलेशनशिप मॅनेजरनं सांगितलं, म्हणून त्यातले ३ लाख ७ टक्के गॅरंटीड प्लॅनमध्ये भरले. पॉलिसीचे कागद तीन आठवड्यांपूर्वी आले. त्याच्या उत्पन्नातून गाडीचा हप्ता निघेल."

कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत अशी पॉलिसी परत करता येते. त्यातले तीन आठवडे गेले, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम नऊ दिवस आहेत. हे तुम्हाला मेलनं कळवलं आहे. इतरांच्याही घरी असे कागद कपाटात पडलेले असतील, म्हणून इथे सविस्तर लिहितो. गाडीचं नंतर बघू, ती कुठं पळून जात नाही.

तुम्ही पाठवलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कधी किती भरायचे आणि कधी किती मिळणार या तक्त्यात, काय आहे ते बघा. दर वर्षी ३ लाख, दहा वर्षं. एकदाच नाही, दहा वेळा. "उरलेले ९ लाख पुढच्या तीन प्रीमियमना ठेवलेत" असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे हे तुम्हाला कळलेलं आहे. त्यापुढचे सहा प्रीमियम कुठून यायचे ते मात्र पत्रात नाही. पैसे यायला सुरुवात होते बाराव्या वर्षाच्या शेवटी: वर्षाला २ लाख १० हजार, वीस वर्षं, आणि एकतिसाव्या वर्षी भरलेले ३० लाख परत. तेव्हा तुमचं वय ७५.

गाडीचं कर्ज सातव्या वर्षी संपतं. पॉलिसीचं उत्पन्न बाराव्या वर्षी सुरू होतं. कशातून काय निघणार? बरं, दोन्ही एकाच वेळी असतं तरी २ लाख १० हजार म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, आणि १८ लाखांचा हप्ता २९ हजार. हे गणित मांडायला कॅल्क्युलेटरही लागत नाही, पण मॅनेजरच्या टेबलापाशी कोणी ते मांडलं नाही.

आता ते "७ टक्के". ३० लाखांवर २ लाख १० हजार म्हणजे ७ टक्के, हे खरं. पण ते पैसे बारा वर्षं त्यांच्याकडे फुकट वापरात होते, ते यात धरलेलंच नाही. कधी किती दिले आणि कधी किती आले हे तारखांनुसार मांडलं की परतावा साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर येतो. टक्केवारीवर विश्वास बसत नसेल तर साधी तुलना घ्या. तेच ३ लाख दर वर्षी साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले, आणि तुमच्या वीस टक्क्यांच्या टप्प्याप्रमाणे व्याजावर कर भरला, तरी अकराव्या वर्षाच्या शेवटी साधारण ४२ लाख जमतात. त्यावर करानंतरचं व्याज वर्षाला २ लाख १० हजारांपेक्षा थोडं जास्तच, आणि मुद्दल ३० नाही, ४२ लाख. तेही हवं तेव्हा मोडता येणारं. साध्या एफडीपुढे हरणारी योजना एफडी मोडायला लावून विकली गेली.

"८०सी मध्येही फायदा" असं त्यांनी सांगितल्याचं लिहिलंय. तुमच्याच पगारपत्रकात नवी कररचना आहे. तिच्यात ८०सी ची वजावट नाही. विषय संपला.

"विमाही भरपूर झाला" हे आणखी एक. संरक्षण आहे प्रीमियमच्या दहापट, म्हणजे ३० लाख. घराचं कर्जच २८ लाख आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल आणि तिघींच्या हातात दोन लाख राहतील. वर्षाला ३ लाख भरून मिळवलेलं हे संरक्षण. साठाव्या वर्षापर्यंतचा एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, तंबाखू-सिगारेट नसेल आणि तब्येत धड असेल तर, वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास पडतो. त्यातून काही परत मिळत नाही, आणि म्हणूनच तो स्वस्त असतो.

पॉलिसी परत कशी करायची ते नीट वाचा. कागद हातात पडल्यापासून ३० दिवस हा फ्री-लूकचा काळ, म्हणजे वाचून नको वाटली तर पॉलिसी परत करण्याची मुदत. पॉलिसीवर छापलेली तारीख धरायची नाही, तुम्हाला मिळाल्याची तारीख धरायची. कुरियरची पावती किंवा ईमेलची तारीख जपून ठेवा. अर्ज विमा कंपनीकडे करायचा. बँकेत दिलात तर "वरिष्ठांशी बोलतो" म्हणत आठवडा जाईल, आणि तुमच्याकडे आठवडाच आहे. कंपनीच्या शाखेत जा: फ्री-लूक रद्द करण्याचा अर्ज, पॉलिसीचे मूळ कागद, रद्द केलेला चेक, ओळखपत्र. तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. त्याच दिवशी तोच अर्ज कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. कारण म्हणून "अटी मान्य नाहीत" एवढं पुरे. फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला "हो" म्हणालात (तसं म्हणायला सांगितलं होतं, नाही का?) त्यानंही काही अडत नाही. भरलेल्या प्रीमियममधून कापलं जातं ते फक्त स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, आणि जितके दिवस संरक्षण होतं तितक्या दिवसांचा विमा. बाकी सगळे परत. आणि बँकेतला ऑटो-डेबिट वेगळा बंद करा. पॉलिसी रद्द झाली म्हणून तो आपोआप बंद झाला असं गृहीत धरू नका. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार, तिथंही महिन्याभरात निकाल लागला नाही तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशाचं कार्यालय भोपाळला आहे, वकील लागत नाही.

या काळात मॅनेजरचा फोन येईल. "सर, माझं टार्गेट..." असंही म्हणेल. ओळख राहू द्या, पॉलिसी नको.

मुदत उलटलेल्या वाचकांसाठी एवढंच, की ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे पहिला पूर्ण प्रीमियम भरून वर्ष झालं की थोडं सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळतं. भरले त्यापेक्षा कमीच मिळतात, पण पुढचे नऊ प्रीमियम भरण्यापेक्षा ते नुकसान बरं पडतं का, हे आकडा मागवून ठरवा.

पॉलिसी ठेवून हायब्रिड घेतली असती तर तुमचा महिना कसा दिसला असता तेही बघून घ्या. घर ३१ हजार, गाडी २९, प्रीमियम महिन्याला पडतो २५. झाले ८५ हजार. सव्वा लाखातून उरले ४०, त्यात चार माणसांचं घर, पेट्रोल, आईंची औषधं, मुलीचे क्लास. आणि दोन वर्षांत तिचं कॉलेज.

आता गाडी.

शोरूमच्या माणसानं तुम्हाला कागदावर लिहून दिलं: पेट्रोल गाडी १२ चं ॲव्हरेज, हायब्रिड २७ चं, वर्षाला १५ हजार किलोमीटर, ७४ हजारांची बचत, साडेपाच वर्षांत जादाचे ४ लाख वसूल. यात चलाखी कुठं आहे? १२ हा शहरातल्या गर्दीत प्रत्यक्ष मिळणारा आकडा आहे आणि २७ हा एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला. एका गाडीला राजवाड्याच्या गर्दीत मोजलं, दुसरीला प्रयोगशाळेत. दोन्हींचे चाचणीतले आकडे घेतले, १८.४ आणि २७, तर बचत २८ हजारांवर येते. दोन्हींचे रस्त्यावरचे घेऊ. तुमचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन ५० किलोमीटर, त्यातला राऊपर्यंतचा तुकडा गर्दीचा, पुढं मोकळा. पेट्रोल ऑटोमॅटिकला १४ धरू, हायब्रिडला साडेवीस. वर्षाला १,०७० लिटर विरुद्ध ७३०. वाचले ३४० लिटर. इंदूरच्या १०७ रुपयांच्या भावानं ३६ हजार. ४ लाख भागिले ३६ हजार, अकरा वर्षं.

आणि हे व्याज न धरता. जादाचे ४ लाख कर्जाचेच आहेत. ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे म्हटलं तर हप्ता ८,३००. महिना ३ हजारांचं पेट्रोल वाचवायला महिना ८,३०० भरायचे. सात वर्षांत फेडले तरी ६,४००.

हायब्रिडचा फायदा कुठं होतो हे समजलं की हे आकडे नवल वाटत नाहीत. कमी वेगात चाकं मोटर फिरवते, इंजिन एक तर बंद असतं किंवा जनरेटरसारखं वीज करतं. ब्रेक लावला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. म्हणजे जितकं थांबा-निघा जास्त, तितकी बचत जास्त. मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं जाताना क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, ब्रेक लागतच नाही, परत मिळवायला काही नसतं. तुमचा निम्म्याहून जास्त रस्ता तसा. दिवसभर शहरात, वर्षाला ३० हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हीच गाडी साडेतीन-चार वर्षांत पैसे परत करते. त्याला मी घ्या म्हणेन.

बॅटरीची भीती मात्र बाळगू नका. तिला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, ब्रेक पॅडही जास्त टिकतात. घोळ होतो तो छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा. ती हायब्रिडमध्येही असतेच. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की ती उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. शिवाय मोठी बॅटरी मागच्या सीटच्या मागं बसते, त्यामुळे डिकी लहान होते. आईंना घेऊन गावी जाताना लागणाऱ्या बॅगा शोरूममध्ये नेऊन ठेवून बघा. गाडी शांत चालते, छान चालते. त्यासाठी ४ लाख जादा द्यायचे असतील तर द्या, तुमचे पैसे. फक्त बचत म्हणून देऊ नका.

पॉलिसीचे पैसे आले की १२ लाख पुन्हा जवळ येतील. त्यातले ५ लाख, म्हणजे सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च, बाजूला एफडीत. मुलीच्या पीपीएफमधल्या साडेसहा लाखांना हात लावायचा नाही. टर्म प्लॅन गाडीच्या आधी. ७ लाख घालून पेट्रोल गाडी घेतली तर कर्ज साडेअकरा लाख, पाच वर्षांचा हप्ता २४ हजार. मला विचाराल तर हेही थोडं ताणलेलंच आहे. वरचं मॉडेल सोडून मधलं घेतलं तर हप्ता वीसच्या जवळ येईल.

घाई नसेल तर उज्जैनचा विक्रमोत्सव व्यापार मेळा येईपर्यंत थांबा. ग्वाल्हेरच्या मेळ्यासारखी तिथंही २०२४ पासून रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळत आली आहे. तुमच्या कोटेशनमध्ये पेट्रोल गाडीचा टॅक्स १ लाख ६० हजार आहे, म्हणजे ८० हजार वाचतात. दोन वर्षांच्या हायब्रिडच्या बचतीपेक्षा जास्त, एका फेरीत. गाडी मेळ्यात हजर असलेल्या डीलरकडूनच घ्यावी लागते आणि नोंदणी उज्जैनची होते, त्यामुळे पाटीवर एमपी ०९ ऐवजी एमपी १३ येईल. सुटीचा आदेश दर वर्षी नव्यानं निघतो. तो निघण्याआधी बुकिंगचे पैसे देऊ नका.

कोटेशनमधले "हँडलिंग चार्जेस" साडेआठ हजार आणि कोटिंगचे अठरा हजार खोडायला सांगा. टीसीएस (विक्रेत्यानं तुमच्या नावे आधीच गोळा केलेला आयकर) म्हणून जो १ टक्का लावलाय तो खरा आहे, पण तो खर्च नाही. आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत (फॉर्म २६एएस) दिसेल, रिटर्न भरताना वळता करून घ्या.