वही की टॅब?

प्रश्न : मॅडम, मी तासगावची, अकरावी सायन्सला आहे. पप्पांनी टॅब घेऊन दिलाय. क्लासच्या पीडीएफ त्यावरच येतात, मैत्रिणी नोट्सही त्यावरच टाइप करतात. माझा लिहिण्याचा वेग फार कमी आहे. वही बंद करू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नको गं बाळ, वही बंद करू नकोस. मी सांगलीत बत्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. बेंझीनची रिंग, इलेक्ट्रॉन कुठून कुठं गेला ते दाखवणारा वाकडा बाण, हे हातानं काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. टॅबला पेन असेल तर त्यानं काढ, तेही हाताचंच लिहिणं. पण वर्गात टायपिंग नको.

वेग कमी आहे म्हणून खट्टू होऊ नकोस. सगळं उतरवता येत नाही, म्हणून काय घ्यायचं नि काय सोडायचं हे जागच्या जागी ठरवावं लागतं. अभ्यास तिथंच सुरू होतो. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॅपटॉपवाल्या मुलांनी शब्द जास्त टिपले, पण समजेच्या प्रश्नांत ती मागं पडली. पुढं प्रयोग पुन्हा झाला तेव्हा फरक एवढा ठळक दिसला नाही, तरी वर्गात मी जे पाहिलं ते याच्याशी जुळतं. शिवाय बारावीचा 70 मार्कांचा पेपर तीन तास हातानंच लिहायचा असतो. सीईटी कॉम्प्युटरवर असली तरी कच्चं काम कागदावरच.

टॅबही हवाच, आणि तो का ते सांगते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर माझी बारावीची एक विद्यार्थिनी भिजलेल्या वह्या घेऊन आली. आम्ही त्या गच्चीवर उलगडल्या. एकमेकींना चिकटलेली पानं सोडवताना फाटत होती. जेल पेननं लिहिलेल्या पानांवर नुसते निळे डाग उरले होते. बॉलपेनच्या ओळी मात्र वाचता येत होत्या. पोर एका वहीपाशी बसून राहिली, तिला काय बोलावं ते मला सुचेना. त्या वह्यांचे फोटो कुणीच काढून ठेवले नव्हते.

म्हणून दर रविवारी आठवड्याची पानं टॅबवर स्कॅन कर, धड्यावार फोल्डर ठेव. पीडीएफमधलं जे अडेल तेवढंच वहीत तुझ्या शब्दांत उतरव, अख्खी पीडीएफ नको. आणि पेन बॉलपेनच घे.