इंटरनेट वाढलं, पण शेअर पडला

प्रश्न: एआयच्या डेटा सेंटर्समुळे फायबर ऑप्टिकच्या इक्विपमेंटला जोरदार मागणी आहे म्हणतात. मित्र म्हणतो डोळे झाकून घे. घ्यावेत का हे शेअर?

उत्तर: डोळे झाकून तर अजिबात नको. १९९९-२००० मध्येही लोक हेच म्हणत होते, इंटरनेट वाढणार म्हणजे फायबर लागणारच. आणि गंमत म्हणजे इंटरनेट खरंच वाढलं, पण फायबर बनवणाऱ्या कॉर्निंगचा शेअर २००० मध्ये शंभर डॉलरच्या वर होता तो २००२ मध्ये दीड डॉलरच्याही खाली गेला, आणि पुढे वीस वर्षं झाली तरी जुना भाव काही दिसला नाही. टेलिकॉमची यंत्रं विकणाऱ्या नॉर्टेलने तर २००९ मध्ये दिवाळखोरीच जाहीर केली.

झालं काय, तर सगळ्यांनी एकदमच केबल पुरून ठेवली होती, त्यात डीडब्ल्यूडीएम आलं, म्हणजे एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे कितीतरी लेझर सोडायचे, तंतू तोच आणि क्षमता कित्येक पट, मग नवीन माल घेणार कोण? वर ल्यूसंट, नॉर्टेल या यंत्रं विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांना स्वतःच कर्ज देऊन माल विकलेला, कागदावर विक्री झकास, पण गिऱ्हाईक बुडालं की उधारीही बुडाली.

म्हणून मी या कंपन्यांचा नफा नंतर बघतो, आधी येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, आणि पडून राहिलेला माल. विक्रीपेक्षा हे दोन जोरात वाढत असतील तर सावध. टंचाईत गिऱ्हाईक गरजेपेक्षा जास्त ऑर्डर टाकून ठेवतं आणि मग वर्षभर जुनाच माल वापरत बसतं, कोविडनंतर हेच झालं, त्यामुळे ऑर्डर बुक फुगलेलं दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

या वेळी एक फरक आहे, तो मान्य करायला हवा. खरेदी करणाऱ्या बड्या क्लाऊड कंपन्यांकडे स्वतःची कमाई आहे. पण त्या मोजक्याच, एकीने हात आखडता घेतला तरी पुरवठादाराची तिमाही गेली.

शिवाय सगळे एकाच माळेचे मणी नाहीत. कॉर्निंग काच आणि केबलवाली, लुमेंटम लेझरवाली, सिएना पूर्ण सिस्टिम विकणारी. लेझर आणि ट्रान्सीव्हर (विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा परत सिग्नल करणारा भाग) विकणाऱ्यांचे भाव सगळ्यात जास्त उड्या मारतात, माझ्या जिवाला ते झेपत नाही.

घ्यायचेच तर थोडे थोडे घ्या, आणि त्याआधी मित्राला विचारा, त्या कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण आणि विक्रीतला किती वाटा त्याचा?