हिमनदीवरून खिंड ओलांडायची आहे, तिघांनी तयारी कशी करावी?
तिघेच जाताय, खिंड ५,००० मीटरच्या वर आणि जवळपास वस्ती नाही, म्हणून आधी दोराचं सांगतो. हिमनदीवर पाय ठेवण्याआधीच दोर बांधा, दोघांमध्ये साधारण १०-१२ मीटर अंतर ठेवा आणि तो ढिला पडू देऊ नका. ताज्या बर्फाखाली हिमनदीतली खोल भेग दिसत नाही. किंचित खचलेला, रंगाने जरा वेगळा पट्टा दिसला की काठी खुपसून बघा. भेगेत पडलेल्याला वर ओढायचा सराव निघण्याआधी, पाठीवर पूर्ण ओझं घेऊन करा. तो जमत नसेल तर कृपया जाऊच नका. पहाटेच्या खूप आधी निघा, ऊन चढलं की भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ पडतात. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. शिधा आणि इंधन दोन-तीन दिवसांचं जादा.